आपल्याच सहीचं सरकार

बँकेच्या नोकरीत माझी निम्मी हयात दुसऱ्यांच्या सह्या पाहण्यात गेली. चेक समोर आला की आधी नमुना सहीचं कार्ड काढायचं, दोन्ही सह्या शेजारीशेजारी ठेवायच्या आणि मगच पैसे द्यायचे. माणूस कितीही ओळखीचा असला तरी हा रिवाज चुकवायचा नाही. सही जुळली नाही तर खातेदार स्वतः काउंटरपाशी उभा असला तरी चेक परत. त्यामुळे कोणाची सही खरी, ती खरी कशावरून आणि ती खरी आहे असं सांगणारा कोण, हे प्रश्न माझ्या अंगवळणी पडलेले. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी ते सुटलेले नाहीत.

परवा दिवाळीत भाचा सांगलीला घरी आला होता. पुण्यात संगणकाच्या कामात आहे. सुट्टीतही मांडीवर लॅपटॉप होताच. काय चाललंय म्हणून विचारलं तर कळलं की त्याच्या कंपनीचा एक प्रोग्राम रोज रात्री आपला आपण क्लाउडवर जाऊन हिशेब आणतो. क्लाउड म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेले, भाड्याने वापरायचे मोठे संगणक. आता मध्यरात्री पासवर्ड टाकायला माणूस कुठून आणायचा? आणि पासवर्ड प्रोग्राममध्येच लिहून ठेवला तर तो चोराच्या हाती लागायचा. म्हणून त्या प्रोग्रामला तो एक प्रमाणपत्र करून देत होता. ते कोणाच्या सहीचं, असं मी सवयीने विचारलं. त्यावर त्याने सहजपणे सांगितलं, की त्याचंच त्याच्या सहीचं. मी चक्रावलोच. आपणच आपल्याला दाखला द्यायचा, हा कुठला न्याय?

मग त्याने मला समजावून दिलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. संगणकावर दोन किल्ल्यांची एक जोडी तयार करतात. एक किल्ली गुप्त. ती आपल्या घराबाहेर कधीच जात नाही. दुसरी उघड. ती कोणालाही दिली तरी चालते. गुप्त किल्लीने केलेली सही उघड किल्लीने तपासता येते, पण उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढता येत नाही. प्रमाणपत्र म्हणजे नाव, मुदत आणि उघड किल्ली लिहिलेला कागद. एरवी या कागदाखाली दुसऱ्या कुणा मान्यवर संस्थेची सही असते. इथे मात्र ती आपल्याच गुप्त किल्लीची असते. हा कागद क्लाउडवर आपल्या खात्यात आधीच नेऊन ठेवायचा, अगदी आपल्या नमुना सहीच्या कार्डासारखा. रात्री प्रोग्राम दारात गेला की तो एक छोटी चिठ्ठी गुप्त किल्लीने सही करून देतो. पलीकडचा ती कार्डाशी ताडून पाहतो आणि दार उघडतो. गुप्त किल्ली घरातच राहते. कागदाची मुदत संपायच्या आत नवा कागद जुन्याशेजारी ठेवायचा, काम नव्यावर सुरू झालं की जुना काढून टाकायचा. किल्ली चोरीला गेल्याचा नुसता संशय आला तरी कागद तत्काळ रद्द. तो रद्द करणारा दुसरा कोणी नसतो, आपल्यालाच ते करावं लागतं. आणि अनोळखी माणसाला असा कागद दाखवला तर त्याचा संगणक धोक्याची सूचना देतो, कारण त्याच्याकडे आपलं कार्ड नसतं.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. मी त्याला म्हटलं, निदान त्या मान्यवर संस्थांच्या मागे तरी कोणी मोठा असेलच. असतो. आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर एक नियंत्रक नेमला आहे. संस्थांच्या कागदावर त्याची सही. आणि त्याच्या कागदावर कोणाची? त्याची स्वतःचीच. जगातल्या अशा प्रत्येक साखळीचं शेवटचं, सगळ्यात वरचं प्रमाणपत्र आपल्याच सहीचं असतं. ते खरं मानायचं, कारण ते खरं आहे असं आपण आधीच ठरवून आपल्या संगणकात ठेवलेलं असतं.

रात्री अंथरुणावर पडलो तरी हे डोक्यातून जाईना. आणि सांगली-साताऱ्याच्या माणसाला अशा वेळी जे नाव आठवायचं तेच आठवलं. या भागात ऐंशी वर्षांपूर्वी एक सरकार होऊन गेलं. त्याच्या कागदावर वरच्या कोणाचीही सही नव्हती. आणि ज्या माणसाच्या नावानं ते ओळखलं गेलं, त्यानं आयुष्याची सुरुवात केली होती ती दाखले देणारा तलाठी म्हणून.

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी वाळवे तालुक्यातल्या बहे-बोरगावला झाला. गाव त्याच तालुक्यातलं येडेमच्छिंद्र. कृष्णाकाठचा हा मुलूख आज सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा तो सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये त्या मोठ्या जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे नानांच्या चरित्रात सातारा म्हटलं की त्यात आजचे दोन्ही जिल्हे धरायचे.

शेतकऱ्याचं घर, थोरला देह, खणखणीत आवाज. नाना शिकले आणि तलाठी झाले. तलाठी म्हणजे काय चीज आहे हे ज्याला जमिनीचा तुकडा आहे त्याला सांगायला नको. कोणाची जमीन, किती पिकली, सारा किती, बाकी किती, हे तलाठी लिहील ते खरं. गावाच्या दृष्टीने सरकार म्हणजे तोच. पण त्याच्या सहीला वजन येतं कुठून? त्याच्या वर मामलेदार, मामलेदाराच्या वर कलेक्टर, त्याच्या वर मुंबईचा गव्हर्नर, त्याच्या वर व्हाइसरॉय आणि सगळ्यांच्या वर सातासमुद्रापार बसलेला बादशहा. अशी ही सह्यांची उतरंड होती आणि तलाठी तिच्यातलं सगळ्यात खालचं मडकं. बादशहाच्या डोक्यावर मात्र कोणाची सही नव्हती. तो बादशहा होता, कारण लोक त्याला बादशहा मानत होते.

त्या काळात या भागात सत्यशोधक चळवळीचं वारं होतं. भटजी-सावकाराच्या कचाट्यातून कुणब्याला सोडवायचं, लग्नात कर्ज काढू नये, पोरं शाळेत घालावीत, हे विचार जलशांतून वाड्यावस्त्यांपर्यंत जात होते. नानांवर त्या विचारांचा संस्कार झाला आणि पुढे त्यांनी जे केलं त्याची मुळं तिथेच आहेत. १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. नानांनी तलाठ्याची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. दरमहा पगार येणारी सरकारी नोकरी त्या वेळच्या शेतकऱ्याच्या घरात केवढी होती, हे आमच्या पिढीला तरी नीट कळतं. ती एका माणसाची भाकरी नसते, सबंध घराची असते.

आणि घरानंच त्याची किंमत मोजली. नानांची मुलगी हौसाबाई. तिची आई ती तीन वर्षांची असतानाच गेली होती. पोरीला आजीनं वाढवलं. बाप कधी तुरुंगात, कधी गावोगाव. १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत नाना आठ-नऊ वेळा तुरुंगात गेले. पुढे सरकारनं घरदार आणि जमीन जप्त केली. पोलिसांच्या भीतीनं दुकानदार सौदा देईनात, शेजारी चिमूटभर मीठ द्यायला कचरू लागले. उंबराची फळं शिजवून पोटाला आधार द्यायची पाळी आली. मामानं दिलेली बैलगाडी भाड्यानं हाकून त्या घरानं दिवस काढले. हौसाबाईंनी हे सगळं म्हातारपणी सांगून ठेवलं आहे. नानांचं मोठेपण सांगताना ही बैलगाडी मागे ठेवून चालणार नाही.

नाना बोलायला उभे राहिले की माणसं हलत नसत, असं जुनी माणसं सांगत आली. पुस्तकी भाषा नाही. शेतातले, जात्यावरचे, बाजारातले दाखले. मधूनच चिमटा, मधूनच हशा. समोर बसलेल्या बाईला आणि बाप्याला वाटायचं, हा आपल्याच घरातला कोणी बोलतोय. या बोलण्याचा उपयोग पुढे झाला, कारण कागदावर वरची सही नसली की माणसं शेवटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे आणि त्याच्या वागण्याकडे पाहून ठरवतात.

१९४२ साल उजाडलं. ऑगस्टमध्ये छोडो भारतची हाक आली आणि पुढारी धरले गेले. सातारा जिल्ह्यात लोकांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे न्यायला सुरुवात केली. कराडला निघाला. ३ सप्टेंबरला तासगावला निघाला आणि तिथे कचेरीवर तिरंगा चढला. मग सरकार सावध झालं. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ माणसं पडली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे हे दोघे गेले.

या मोर्चांकडे आज पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. लोक कचेरीवरच का चालून गेले? कारण सरकारचा शिक्का तिथे राहत होता. कचेरीवर आपलं निशाण लावलं म्हणजे शिक्का बदलला, अशी साधी समजूत त्यामागे होती. वडूज आणि इस्लामपूरनं शिकवलं की असा शिक्का बदलत नाही. मग कार्यकर्ते भूमिगत झाले. तार तोड, रूळ उखड, चावड्या जाळ, असे काही महिने गेले. पण नुसत्या मोडतोडीनं सरकार खिळखिळं होतं, त्याच्या जागी दुसरं उभं राहत नाही. पाटील, तलाठी, फौजदार यांचा धाक कमी झाला तशी गावगुंडांना आणि दरोडेखोरांना मोकळं रान मिळालं. लोक रात्री दाराला अडसर घालून भूमिगतांकडेच गाऱ्हाणी घेऊन यायला लागले. आमच्या घरी चोरी झाली, बांध कोरला, सावकारानं जमीन गिळली, नवऱ्यानं टाकलं. ही गाऱ्हाणी ऐकायची कोणी?

त्या गाऱ्हाण्यांतून १९४३ साली प्रतिसरकार उभं राहिलं. ते कोणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर, येडेनिपाणीचे पांडू मास्तर, नाथाजी लाड अशी कितीतरी तरुण माणसं त्याचा रोजचा गाडा ओढत होती. नाना त्यांच्यात वयानं वडील. संघटनेची बारीकसारीक कामं तरुणांकडे असली तरी लोकांच्या लेखी ते सरकार नानांचं होतं. नमुना सहीच्या कार्डावर जणू त्यांचंच नाव होतं.

काम कसं चाले? गावोगाव समित्या नेमल्या होत्या. भांडणतंट्यांसाठी न्यायदान मंडळं होती. वादी-प्रतिवादी समोर बसत, गाव ऐकत बसे, पंच निकाल देत. वकील नाही, स्टॅंप नाही, तारखांवर तारखा नाहीत. सावकारांकडे अडकलेल्या जमिनींचे, टाकलेल्या बायकांचे, भाऊबंदकीचे कज्जे त्यांनी निकालात काढले. दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या. कर्ज काढून होणाऱ्या लग्नांऐवजी थोडक्या खर्चात, हार घालून होणारी गांधी-लग्नं लावली. १९४५ मध्ये खुद्द जी. डी. बापूंचं लग्न कुंडलला याच पद्धतीनं लागलं आणि पकड वॉरंट असलेल्या नवरदेवाच्या लग्नाला माणसांचा महापूर लोटला. संरक्षणासाठी तुफान सेना होती, तिची शिबिरं होत, कवायत होई. दीडशेहून अधिक गावांत हा कारभार चालला.

भूगोलाचीही साथ होती. हा सगळा मुलूख संस्थानांच्या आणि इंग्रजी हद्दींच्या ठिगळांचा. कुंडल औंध संस्थानात, शेजारचं गाव इंग्रजी मुलखात, पलीकडे सांगलीचं संस्थान. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ मध्येच आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती आणि गावकारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला होता. म्हणजे आपला कारभार आपण पाहायचा, ही सवय कुंडलकडच्या लोकांना आधीच थोडी झालेली होती.

सरकार म्हटलं की खजिना लागतो. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेनं रेल्वेगाडी अडवून सरकारी पगाराची रोकड नेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडे चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांच्या आसपास सरकारी खजिना लुटला गेला. त्यासाठी बापू लाड, नागनाथअण्णा आणि त्यांचे सोबती साताऱ्याहून खानदेशात गेले होते. त्याच दिवसांत, २४ जुलै १९४३ रोजी, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबा जाधव गोळीला बळी पडले, वसंतदादा जखमी होऊन पकडले गेले. हौसाबाईही तोवर मोठ्या होऊन या कामात उतरल्या होत्या. भवानीनगरच्या पोलिसांसमोर खोटं भांडण उभं करून, मार खाऊन त्यांचं लक्ष वेधायचं आणि तेवढ्यात सोबत्यांनी बंदुका उचलायच्या, असलं काम त्यांनी केलं.

बँकवाल्याला खजिन्याच्या लुटीचं कौतुक करणं जड जातं, हे मी कबूल करतो. रोकड घेऊन जाणाऱ्या साध्या कारकुनाच्या आणि शिपायाच्या जिवाचा विचार आधी मनात येतो. पण एक प्रश्न त्या माणसांनीही स्वतःला विचारला होता: हा पैसा आणि दरोडेखोराचा पैसा यांत फरक काय? फरक होता तो पैसा जायचा कुठे यात. नाना तर आयुष्यभर गरिबीतच राहिले, आणि तेवढा एक पुरावा पुरेसा आहे.

आता भाच्याच्या त्या धोक्याच्या सूचनेकडे येतो. आपल्याच सहीच्या कागदात मोठी जोखीम असते. उद्या कोणीही उठून तसाच कागद करील. प्रतिसरकारलाही हेच भोवलं. त्याच्या नावावर लुटालूट करणारे निघाले. रात्री दार ठोठावणारा खरा की खोटा, हे गावानं ओळखायचं कसं? वर दाद मागायला कोणी नाही, रद्द करायला दुसरी कचेरी नाही. मग ते काम चळवळीला स्वतःच करावं लागलं. दरोडेखोर धरायचे, गावासमोर उभे करायचे, शिक्षा द्यायची. तळपायांवर काठ्या मारण्याची शिक्षा त्यातलीच. लोकांनी प्रतिसरकारचं पत्री सरकार केलं आणि बैलाला ठोकतात तशी माणसाच्या पायाला पत्री ठोकतात, अशा कहाण्या पसरल्या. खरी शिक्षा तळपायांवरच्या माराची होती, पण कहाणीची जरब माराहून मोठी ठरली. काही वेळा जीवही घेतले गेले. या शिक्षांत सूड किती आणि न्याय किती, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारायलाच हवा. ज्या सरकारच्या वर कोणी नाही, त्याची चूक दाखवायलाही वर कोणी नसतो. त्याला लगाम एकच, ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनी तो काढून घेणं.

तो त्यांनी काढून घेतला नाही. जवळपास चार वर्षं नाना भूमिगत होते. डोक्यावर इनाम लागलेलं, चेहरा सगळ्या जिल्ह्याला ठाऊक, अंगकाठी अशी की गर्दीत लपणं अवघड. आणि तरी ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. एका रात्री एका घरात, दुसऱ्या रात्री दुसऱ्या. प्रत्येक घरात चार माणसं, दोन पोरं, एखादा चहाडखोर शेजारी. त्यातल्या एकानं तोंड उघडलं असतं तरी इनामाच्या पैशात एकर-दोन एकर रान आलं असतं. पोटाला चिमटा घेणाऱ्या त्या लोकांनी ते केलं नाही. भाच्यानं सांगितलेली गुप्त किल्ली ती हीच, असं मला वाटतं. ती कुठल्या पेटीत नव्हती. ती हजार चुलींपाशी थोडीथोडी ठेवलेली होती आणि कोणीही ती घराबाहेर जाऊ दिली नाही. दुकानातून मीठ न देणारा मुलूख तोच आणि तोंड न उघडणाराही तोच, हेही विसरू नये. भीती आणि निष्ठा एकाच घरात राहतात.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात पुन्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. वॉरंटं उठली, भूमिगत बाहेर आले. नाना उघडपणे लोकांत आले तेव्हा त्यांना पाहायला गावंच्या गावं लोटली. आणि मग प्रतिसरकार मिटलं. ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते. हाती सेना होती, दरारा होता, लोक जय म्हणत होते. असं सरकार आपण होऊन मिटवणं सोपं नसतं. अनेक देशांत बंडखोरांची सरकारं मिटायला वीस-वीस वर्षं आणि रक्ताचे पाट लागले आहेत. इथे मुदत संपली तसा जुना कागद बाजूला काढून ठेवला गेला, कारण शेजारी नवा आला होता. तो लोकांच्या मताचा होता.

नाना मात्र त्या नव्या सरकारात खुर्ची धरून बसले नाहीत. स्वराज्य आलं तरी कुळाची जमीन आणि मजुराची भाकरी जिथल्या तिथेच आहे असं त्यांना दिसलं. १९४८ मध्ये ते केशवराव जेधे यांच्याबरोबर शेतकरी कामगार पक्षात गेले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात. ज्यांच्याबरोबर रात्री जागवल्या त्यांतले काही मंत्री झाले, काही कारखाने काढून मोठे झाले, काही विरोधात राहिले. नाना विरोधात राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांचा आवाज पुन्हा महाराष्ट्रभर फिरला. १९५७ मध्ये साताऱ्याकडच्या लोकांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिलं. १९६७ मध्ये ते दूरच्या बीडमधून निवडून गेले. लोकसभेतही ते मराठीत बोलले. ज्या भाषेत येडेमच्छिंद्रला बोलत, त्याच भाषेत दिल्लीत.

६ डिसेंबर १९७६ रोजी नाना गेले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले वाळव्याला, आपल्याच माणसांत. हौसाबाई त्यांच्यामागे जवळजवळ पंचेचाळीस वर्षं होत्या. २०२१ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा त्या बैलगाडीची शेवटची साक्षीदारही गेली.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ही सगळी गोष्ट सांगितली. लहानपणापासून त्यानं नानांचं नाव ऐकलेलं, पण ते तलाठी होते हे त्याला ठाऊक नव्हतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं लॅपटॉप उघडला आणि आपल्या त्या कागदावरची मुदत पुन्हा एकदा तपासून पाहिली. मला बरं वाटलं. बँकेत मीही असाच उठून कार्ड पुन्हा बघत असे.

सह्यांच्या बाबतीत नोकरीत मी एक धडा शिकलो होतो, की वरची सही असली म्हणजे खालची खरी. नानांच्या आयुष्यानं तो अर्धाच खरा असल्याचं दाखवलं. वरवर चढत गेलं की शेवटी अशी एक सही येतेच जिच्या वर काही नाही. तिथे पाहायचं एवढंच, की तिचं कार्ड कोणी आपल्या घरात ठेवून घेतलं आहे, आणि भीतीनं ठेवलं आहे की विश्वासानं. बादशहाचं भीतीनं ठेवलेलं होतं, म्हणून ते एके दिवशी काढून टाकता आलं.

साताऱ्यात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. दाखले मिळवायला तिथे माणसांची रीघ असते. कोणाला अपंगत्वाचा हवा असतो, कोणाला नोकरीसाठी तब्येतीचा. रांगेत तासभर उभं राहून माणूस कागद हाती घेतो, सही-शिक्का नीट उमटला आहे ना पाहतो आणि घडी घालून खिशात ठेवतो. त्या सरकारी रुग्णालयाचं नाव क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय. ज्या तलाठ्यानं सरकारचा शिक्का १९३० साली परत केला, त्याचंच नाव आता सरकार आपल्या कागदावर अभिमानानं छापतं.